नजर, नजराणा आणि परका पाहुणा

१६७४च्या जून महिन्यात रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या दिवशी दरबारात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. तो आला होता राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मागायला आणि व्यापाराचा तह करायला. पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून काही दिवस खोळंबला. मग राज्याभिषेकाला गेला आणि जे पाहिले ते लिहून ठेवले: सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हे, मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या, समतोल तराजू. परतताना दाराशी दोन लहान हत्ती दिसले आणि हे एवढ्या अवघड वाटेने वर चढले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले.

मला मात्र त्या वृत्तांतात ऑक्झिंडेनपेक्षा त्याच्या शेजारचा माणूस जास्त दिसतो. नारायण शेणवी, इंग्रजांचा दुभाषी. इंग्रजांनी लांबून मुजरा केला आणि नारायण शेणव्याने नजर करायची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसेल अशी उंच धरली. ती दिसताच त्यांना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावले गेले, वस्त्रे दिली गेली, आणि निरोप मिळाला. त्या अंगठीला काय म्हणायचे? इंग्रजीत ती साधी भेट होते. मराठीत आणि फारसीत ती नजर होते, आणि उलट मिळालेली वस्त्रे खिलत होतात. नजर द्यायची, खिलत अंगावर घ्यायची, हा एका कपड्याचा आणि एका दागिन्याचा व्यवहार नव्हे. हिंदुस्थानी दरबारात त्याचा अर्थ असा की देणारा आपले धनीपण कुणाकडे आहे ते चारचौघांत कबूल करतो. दोघांच्या वह्यांत एकच घटना दोन वेगळ्या शब्दांनी उतरली आणि कुणालाच ते खटकले नाही. काही दिवसांत तहही झाला.

खटकायला पुढे दीडशे वर्षे लागली, आणि तेही दिल्लीत.

मधल्या काळात आपल्याकडेही हा पेच येऊन गेला. १७९२ साली महादजी शिंदे शाह आलमकडून मिळवलेली वकील-इ-मुतलकची खिलत घेऊन पुण्याला आले. बादशहा दिल्लीत, म्हणून पुण्यात तंबू उभारून रिकामे सिंहासन मांडले, त्यावर फर्मान आणि वस्त्रे ठेवली, आणि तरुण सवाई माधवरावाने त्या रिकाम्या आसनाला सलाम करून नजर ठेवली. नाना फडणीसांचा याला विरोध होता. छत्रपतींच्या पेशव्याने दुसऱ्या धन्याची वस्त्रे कशी घ्यायची, हा आक्षेप होता. साताऱ्याची परवानगी आणल्यावरच समारंभ झाला. ज्याच्या राजधानीवर आपलाच सरदार बसला आहे अशा आंधळ्या बादशहापुढे झुकायचे की नाही, यावर पुण्यात माणसे गंभीरपणे भांडत होती. मला ते भांडण अजिबात हास्यास्पद वाटत नाही.

११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत लेकने दौलतराव शिंद्यांची फौज मोडली. (त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सात उभा आहे, मेट्रोतून रोज तिकडून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याची वार्ता असेल.) लेक लाल किल्ल्यात गेला, त्याने शाह आलमची भेट घेतली आणि पदव्या स्वीकारल्या. त्यानंतर दिल्लीत कंपनीचा रेसिडेंट राहू लागला. सत्ता कंपनीची, बादशहाला पगार कंपनीचा, आणि तरीही ईदेला, नवरोजला, बादशहाच्या वाढदिवसाला कंपनीतर्फे किल्ल्यात नजर जात असे. आर्चिबाल्ड सीटन हा रेसिडेंट बादशहाशी फार अदबीने वागे. त्याच्या हाताखालच्या तरुण चार्ल्स मेटकाफला ती अदब सहन होत नसे. मेटकाफचे म्हणणे तर्कशुद्ध होते: जो मान खरा मानायचा नाही तो दाखवून आपण एक जिवंत दावा पोसतो आहोत. पण मेटकाफची ही स्वच्छ दृष्टी विजेत्याची होती, हेही विसरता येत नाही.

याच दिल्लीत १८२७ साली गव्हर्नर जनरल अॅमहर्स्ट दुसऱ्या अकबरशहाला भेटला. नजर दिली नाही, दिवाण-इ-खासमध्ये तख्ताशेजारी खुर्चीवर बसला. अकरा वर्षांपूर्वी हाच अॅमहर्स्ट चीनच्या दरबारी वकील म्हणून गेला होता. जमिनीला डोके टेकवायला त्याने नकार दिला आणि बादशहाचे दर्शन न होताच त्याला परतावे लागले. पेकिंगमध्ये यजमानाचे चालले, दिल्लीत पाहुण्याचे. नियम तोच होता, फौज कुणाची एवढाच फरक.

नजरेचा शेवट मात्र जवळजवळ विनोदी झाला. एलेनबरो गव्हर्नर जनरल असताना त्याचे अधिकारी, त्यांत विल्यम एडवर्ड्स हा तरुण मुलकी अधिकारीही होता, रिवाजाप्रमाणे बहादूरशहाला मोहरा नजर करून आले आणि खिलती अंगावर चढवूनच परतले. एडवर्ड्सने आठवणींत लिहून ठेवले आहे की हे कळल्यावर एलेनबरो थक्क झाला. आपल्या नावाने काय चालते हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने प्रथाच बंद केली.

१८५८च्या जानेवारीत त्याच दिवाण-इ-खासमध्ये बहादूरशहावर खटला उभा राहिला. आरोपपत्रात तो ब्रिटिश सरकारचा पेन्शनर होता आणि त्याने सरकारविरुद्ध बंड केले होते. १९२२ साली एफ. डब्ल्यू. बकलर या इतिहासकाराने हा आरोप उलटा करून पाहिला. कंपनीने चाळीस वर्षे नजरा दिल्या, खिलती घेतल्या, म्हणजे ती बादशहाची चाकर होती. मग बंडखोर कोण? बकलरचा युक्तिवाद मला टोकाचा वाटतो. नुसत्या शिष्टाचारातून सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, आणि १८५७ साली लढणाऱ्यांची कारणे यापेक्षा कितीतरी जास्त होती. पण त्याने एक जागा अचूक पकडली. नजर देताना किल्ल्यात बसलेल्यांनी तिचा कोणता अर्थ घेतला हे इंग्रजांना चांगले माहीत होते. सोय होती तोवर त्यांनी तो घेऊ दिला, आणि खटल्याच्या दिवशी ती फक्त भेट होती असे भाषांतर केले. परक्या राजाच्या समारंभाला जाऊ नये असे मी म्हणणार नाही, ऑक्झिंडेन गेला नसता तर आपण केवढ्याला मुकलो असतो. मात्र यजमानाच्या भाषेत आपण काय केले हे समजून घेऊन जावे, आणि नंतर आपल्या भाषेत ते लहान करू नये.

१२ डिसेंबर १९११ला दिल्लीच्या दरबारात पाहुणे आणि यजमान यांची अदलाबदल झाली होती. पंचम जॉर्जसमोर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले, एकदाच किंचित लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. गहजब झाला, महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंगकडे दिलगिरीचे पत्र पाठवले. त्या प्रसंगाचे चलच्चित्र घेतलेले होते. विलायतेत ते दाखवले गेले आणि लोक पडद्यावर महाराजांची पावले मोजत बसले.