‘झुंड’ आणि तुटकी बादली

रविवारी घरी आईबाबांसोबत ‘झुंड’ पाहिला. नागराज मंजुळेंचा, २०२२ चा, जवळपास तीन तासांचा. उत्तरार्ध जरा लांबतो, खरं सांगतो. पण गोष्ट आपल्या नागपूरची. २००१ मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारे झोपडपट्टीतले पोट्टे दिसले. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं.

सिनेमात कॉलेज आणि वस्तीच्या मध्ये भिंत आहे. माझ्या कॉलेजलाही होती. पलीकडून बॉल आला की आम्ही परत फेकायचो, बस्स. बाबांनी विचारलं, “त्या पोट्ट्यांची नावं विचारली का रे कधी?”

नाही. बारसे सर पावसात थांबून बघत राहिले. मी चार वर्षांत एकदाही थांबलो नाही.