बाळगोळी, गर्द आणि कायदा

मादक पदार्थांवरील बंदी उठवावी की ठेवावी, हा वाद हल्ली सुशिक्षित मंडळींत मोठ्या हिरिरीने चालतो. एक पक्ष म्हणतो, माणसाने आपल्या देहाचे काय करावे हे सांगणारे सरकार कोण? दुसरा म्हणतो, पोरे बरबाद होत असता सरकारने स्वस्थ बसावे काय? आम्ही सातवीपर्यंत शाळेत शिकलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटाने आणि फाटकावरच्या सभांनी दिले. कायद्याचे पंडित आम्ही नव्हे. परंतु हा प्रश्न आमच्या वस्तीत वादसभेचा नसून घरातला आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे. तो ध्यानात घेतल्यावाचून कोणत्याही बाजूने हात वर करणे धोक्याचे आहे, असे आम्हांस वाटते. कारण एकदा आम्ही तसा हात वर करून बसलो आहोत. ते पुढे येईलच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, या देशात नशेचा सर्वांत मोठा व्यापारी कोणी गुंड नव्हता. तो सरकार होता. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिकत असे, तिच्यावर कंपनीचा ताबा नव्हता; तेव्हा ती मुंबई बंदरातून जाऊ द्यावी आणि पासावर पैसे घ्यावे, अशी तोड काढण्यात आली. १८४३ साली सिंध घेतल्यावर कराचीहून दमणला जाणारी आडवाटही बंद झाली. ही अफू चीनमध्ये जात असे. चीनच्या बादशहाची तीवर बंदी होती. त्याच्या अधिकाऱ्याने १८३९ साली कँटन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तर इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग पदरात पाडून घेतले. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंसारख्या दानशूर व्यापाऱ्यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांच्या नावाच्या इस्पितळात आमची माणसे आजही औषधाला जातात. इतिहास असा गुंतलेला असतो.

दारूची गोष्ट निराळी नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडी आणि मोहाची दारू कराच्या व मक्त्याच्या जाळ्यात आली. खेड्यातील आदिवासी आपल्या अंगणातल्या मोहाला गुन्हेगार ठरला आणि सरकारमान्य गुत्ता मात्र कायदेशीर झाला. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांवर निरोधने केली. म्हणजे ‘कायदेशीर करा, सर्व ठीक होईल’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, आपल्याकडे ते शंभर वर्षे करून पाहिलेले आहे. गिऱ्हाईकाइतकेच व्यसन तिजोरीलाही लागते, आणि तिजोरीचे व्यसन सुटण्यास अधिक वेळ लागतो.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमची आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. म्हातारपणी ती सांगत असे की, थोरल्या दोघांना मी गोळी दिली, धाकट्याला दिली नाही. ही गोळी म्हणजे बाळगोळी. तीत अफू असे. सकाळी भोंग्याला निघताना ती चाटवली की मूल दिवसभर पडून राही. रडत नसे, आणि भूक लागली तरी मागत नसे. १९२२ साली मुंबई सरकारने बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरांना गिरणीतील बायकांची स्थिती पाहावयास नेमले. त्यांना आढळले की, कामकरी बायकांच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जात होती. कारखान्यातील दिवस तेव्हा अकरा तासांचा होता, घर म्हणजे चाळीतली एक खोली होती, आणि अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळत होती.

या आयांना दुष्ट म्हणावे काय? त्या काळी तसे म्हणणारे पुष्कळ होते. अडाणी बायका, आळशी बायका, असे शेरे मारणे सोपे होते. परंतु मूल उपाशी मरू नये म्हणून आई गिरणीत जात होती, आणि ती गिरणीत जाता यावी म्हणून मूल झोपवले जात होते. तिला तुरुंगात घातले असते तर मूल एका दिवसात पोरके झाले असते.

ही गोळी मागे कशी हटली, हे पाहण्यासारखे आहे. ना. म. जोशी यांनी बाळंतपणाच्या मदतीचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात आसवले यांचे विधेयक आले, डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे पैसे मिळून घरी राहता येऊ लागले. पाळणाघरे हळूहळू आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे ती सक्तीची झाली. आजीच्या धाकट्याला पाळणाघर मिळाले, म्हणून गोळी मिळाली नाही. कोणी म्हणेल, दुकानावरचे निर्बंधही वाढत गेले होते. ते खरे आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. स्वराज्यानंतर अफूची किरकोळ विक्री टप्प्याटप्प्याने कमी करीत १९५९ साली नोंदलेल्या व्यसनींपुरतीच ठेवण्यात आली. गिरणीतून बायकाच कमी होत गेल्या, ही काळी बाजूही सांगितली पाहिजे. परंतु आईची अडचण तशीच ठेवून नुसते दुकान बंद केले असते, तर गोळी दाराआडून आली असती, एवढे आम्ही आजीच्या तोंडून ऐकले आहे.

दुकान बंद करून काय होते, हेही मुंबईने पाहिले. १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता. नवऱ्याचा पगार घरी यावा ही बायकांची मागणी तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. गावोगाव आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण शहरात काय झाले? श्रीमंताला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परवाना मिळाला आणि गरिबाला खाडीकाठची हातभट्टी मिळाली. हप्ता हा शब्द पूर्वी आम्ही कर्जाच्या फेडीला वापरीत होतो, तो पोलिसाच्या नावाला जोडला गेला. १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल झाली, पण हातभट्टीचा धंदा उभा राहिला तो राहिलाच. विषारी दारूने २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत माणसे मेली; मालवणीतील मृतांचा आकडा शंभरावर गेला. अमेरिकेने १९२० ते १९३३ हाच प्रयोग करून सोडून दिला होता.

गांजाच्या बाबतीत तर सरकारनेच चौकशी केली होती. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने देशभर अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि असा निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, संपूर्ण बंदी योग्य नाही. कर व नियंत्रण ठेवावे. आयोग नेमणारे सरकार कर घेणारे होते, म्हणून त्याचा शब्द अंतिम मानण्याचे कारण नाही. तरी बंदी म्हणजे अनादिकालापासूनचा आपला धर्म, असा समज असेल तर तो सोडावा. देशभर लागू असलेली आजची कडक बंदी १९८५ च्या कायद्याची आहे, आणि तिच्यामागे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा रेटा आहे.

१९८५ च्या कायद्याने अल्प प्रमाण सोडून बाकीच्या बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली. १९८९ साली जामीन जवळजवळ अशक्य केला. २००१ साली प्रमाणानुसार शिक्षा करावी लागली, कारण दहा ग्रॅमवाला आणि दहा किलोवाला एकाच मापाने मोजला जात होता. या धाकाचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. दवाखाने मॉर्फिन ठेवण्यास भिऊ लागले. १९८५ साली देशात सुमारे सातशे किलो मॉर्फिन औषधासाठी वापरले जात होते, ते १९९७ पर्यंत वीस किलोच्या आत आले. अफू पिकवणारा देश, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने, आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या आमच्या माणसाला वेदनेवर थेंब मिळू नये! २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, पण भीती कायद्याइतकी लवकर दुरुस्त होत नाही.

आणि गर्द थांबली काय? ती १९८० नंतर मुंबईत आली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या एकेक बंद पडल्या, आणि त्याच दशकात आमच्या चाळींच्या जिन्याखाली चांदी लावून धूर ओढणारी पोरे दिसू लागली. सगळा दोष संपाच्या पराभवाचा असे आम्ही म्हणत नाही. कॉलेजातली, खात्यापित्या घरची मुलेही त्यात गेली. पण ज्या पोराला सकाळी भोंग्याला जावयाचे नाही, त्याला पुडी लवकर सापडते, हे आम्ही पाहिले आहे.

आता आमची कबुली. नव्वदच्या दशकात आमच्या वस्तीत सभा झाली. ‘गर्दुल्ल्यांना पकडून पोलिसांच्या ताब्यात द्यावे’ असा ठराव आम्हीच मांडला आणि टाळ्यांच्या गजरात तो मंजूर झाला. आठवड्याभरात पाचसहा पोरे आम्ही चौकीत नेऊन दिली. विकणारे आधीच दुसऱ्या गल्लीत गेले होते. त्यांतील एक पोर आमच्या जुन्या सभासदाचे होते. ते तुरुंगातून परतले तेव्हा त्याला पूर्वीपेक्षा अधिक विकणारे माहीत झाले होते. दीड वर्षाने ते पुलाखाली मेलेले सापडले. त्याची आई आम्हांस एवढेच म्हणाली, “भाऊ, त्याला दवाखान्यात न्यायचं होतं, तुम्ही चौकीत नेलंत.” त्या वेळी पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून चालू होते. अनिल अवचटांचे गर्दीवरचे लेखन आमच्या कपाटात होते. आम्ही ते वाचले होते, आणि तरी सभेत दंडुक्याची भाषा बोललो. कारण टाळ्या तिला पडतात.

परदेशांतून काय शिकावे? पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरता साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. असा माणस न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जातो, आणि उपचाराची सोय त्याच्यासाठी उभी केलेली असते. विक्री मात्र तेथे गुन्हाच आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२० साली मतदानाने तसेच ठरविले, पण उपचाराची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही, रस्त्यावर हाल दिसू लागले, आणि २०२४ साली शिक्षा परत आणली. पाळणाघर न बांधता गोळी थांबत नाही, हा आजीचाच धडा पुन्हा.

तेव्हा आमचे मत असे. ओढणारा गुन्हेगार नव्हे; त्याला चौकीऐवजी दवाखान्याची वाट कायद्याने दाखवावी. आजच्या कायद्यात उपचाराला तयार असणाऱ्याला खटल्यातून सूट देणारे कलम आहे. ते गरिबाला माहीत नाही, ते माहीत करून देणे युनियनचे काम आहे. गर्दीचे दुकान मात्र उघडू नये, कारण या देशात सरकारी दुकानाने काय केले हे आम्ही सांगितलेच. गांजाबाबत तुरुंग कमी करण्यास आमची हरकत नाही. पण त्याचा मक्ता कोणा बड्या कंपनीला देऊन तिजोरी भरण्यास आहे. आणि या सर्वांच्या आधी काम, घर आणि उपचार यांचा प्रश्न येतो. तो बाजूला ठेवून केलेला कोणताही कायदा, उघडणारा असो वा बंद करणारा, गरिबाच्याच पाठीवर पडतो.

ज्या वस्तीत आम्ही तो जुना ठराव केला, तेथेच गेल्या वर्षी तो रद्द करण्याचा ठराव आम्ही मांडला. या वेळी टाळ्या फार पडल्या नाहीत. पोरांचे बाप उठून विचारू लागले की, विकणाऱ्याचे काय? प्रश्न योग्य होता. आम्ही उत्तर दिले की, त्याला धरा, आमची सभा त्यासाठी पोलिसांकडे तुमच्याबरोबर येईल. पण पोराला घेऊन जावयाचे असेल तर दवाखान्यात चला. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. त्या आईने हात वर केला होता.