अज्ञान, अ‍ॅडोलेसन्ट आणि हाताशी आलेले पोर

इंग्रजीच्या वर्गात 'चाइल्डलाइक' आणि 'चाइल्डिश' या दोन विशेषणांमधला भेद शिक्षक हमखास विचारतात. पहिल्यात मुलाचे निर्व्याज मन असते, दुसऱ्यात मोठ्या माणसाचा पोरकटपणा. मराठीत 'निरागस' आणि 'बालिश' अशी जोडी लावली की प्रश्न सुटतो. परंतु लहान वयासाठी इंग्रजीत आणखीही काही शब्द आहेत, आणि ते इतके सहज सुटत नाहीत. 'इन्फन्ट', 'मायनर', 'अ‍ॅडोलेसन्ट' हे शब्द स्वभावाचे वर्णन करीत नाहीत. कोणाची सही ग्राह्य धरायची आणि कोणाला किती तास राबवायचे, याचा ते निवाडा करतात. गिरण्या, माग आणि विड्या यांवर वाढलेल्या सोलापूरसारख्या शहरात या शब्दांचे काय झाले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

'इन्फन्ट' या शब्दाचा लॅटिन मुळातला अर्थ 'न बोलणारा'. इंग्रजी कायदा एकवीस वर्षांच्या आतल्या धडधाकट तरुणालाही हेच नाव देत असे. १९६९ च्या कायद्याने त्याऐवजी 'मायनर', म्हणजे 'लहान', म्हणण्याची मुभा दिली. हिंदुस्थानात १८७५ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे अठरा वर्षे ही मर्यादा ठरवली, आणि आपल्या कायद्याच्या भाषेने 'मायनर'साठी 'अज्ञान' हा शब्द घेतला. एक शब्द जिभेवर बोट ठेवतो, दुसरा आकारावर आणि तिसरा थेट समजुतीवर. सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' ही अक्षरे आपण पाहतो, ती 'अज्ञान पालक कर्ता' याची. सज्ञान झाल्यावर ही नोंद कोणी कमी करून घेतली नाही, तर नातवंडांचा आजोबाही कागदावर अज्ञानच राहतो.

बोलीतील मराठीचे माप वेगळे होते. ओठावरचे दूध वाळले नाही, मिसरूड फुटले, मुलगी न्हातीधुती झाली, ही सारी डोळ्यांना दिसणाऱ्या देहाची मापे. 'उपवर' हे लग्नाचे माप. आणि 'मुलगा हाताशी आला' हे कामाचे. यांपैकी कशातही वर्षांचा आकडा नाही. हाताशी येणे म्हणजे आईबापांच्या हाताला आणखी एक हात मिळणे. मग तो दहाव्या वर्षी मिळो की सोळाव्या. या वाक्प्रचारात माया आहे आणि गरजही आहे, आणि दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

सोलापुरात पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेलेली गिरणी १८७७ साली सुरू झाली, आणि १८८१ साली देशातला पहिला फॅक्टरी कायदा आला. या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांसाठी तास सात. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले आणि पंधरापर्यंत तास सहा. इंग्रजी 'चाइल्ड' हा शब्द एकच राहिला. त्याच्या कक्षेत येणारी मुले मात्र दर कायद्यागणिक बदलत गेली. जन्मनोंद नसलेल्या मुलाचे वय अखेर डॉक्टरच्या दाखल्यावरच ठरे.

१९३४ च्या कायद्याने 'अ‍ॅडोलेसन्ट' हा नवा वर्ग आणला. या शब्दाचा मूळ अर्थ 'वाढता'. 'अ‍ॅडल्ट' म्हणजे 'वाढलेला', आणि दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदापासून आलेले. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९०४ च्या ग्रंथाने या शब्दाला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली होती. मराठीत त्यासाठी 'पौगंडावस्था' हा शब्द रूढ झाला. जुन्या संस्कृत टीकापरंपरेत पौगंड हे पाच ते दहा वर्षांचे वय. आपण ते उचलून तेरा-चौदाच्या पुढे नेऊन ठेवले. 'किशोर' शब्दाचीही गंमत अशीच. अमरकोशात तो घोड्याचे शिंगरू दाखवतो.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यातील एक कलम भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे आहे. प्रौढाप्रमाणे काम करण्यास योग्य असल्याचा दाखला ज्याला मिळालेला नाही, असा 'अ‍ॅडोलेसन्ट' त्याचे वय काहीही असो, 'चाइल्ड'च समजावा, असे ते सांगत होते. दाखला मिळालेल्याने कामावर असताना त्या दाखल्याचा निर्देश करणारा बिल्ला बाळगायचा. म्हणजे पक्वता दिसण्यात नव्हती, वागण्यात नव्हती, नुसत्या वर्षांतही नव्हती. ती बिल्ल्यात होती.

या हिशेबीपणाला हसण्याचा मोह होतो; पण आकड्यानेच गिरणीतल्या मुलांचे तास कमी केले, हे विसरता येत नाही. 'हाताशी आला' या मायेच्या शब्दाने ते काम केले नसते. मात्र आकड्याची धाव गिरणीच्या फाटकापर्यंतच होती. १९३८ च्या कायद्याने विड्या वळणे आणि विणकाम या धंद्यांमधून लहान मुलांना वगळले, पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कारखान्याला सूट दिली. सोलापुरात पूर्व भागातले माग आणि विड्यांची सुपे घरातच होती. तिथे कांड्या भरणारे पोर कायद्याच्या कोणत्याच शब्दात बसत नव्हते.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कामावर सर्वत्र बंदी आली, आणि चौदा ते अठरा या वयाचा 'अ‍ॅडोलेसन्ट' कायद्याच्या नावातच आला. तरीही शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात मुलाने कुटुंबाला 'मदत' करण्यास मोकळीक ठेवली आहे. म्हणजे 'लहान' कोण, याचा वाद आकड्याने बराचसा मिटवला. आता सारा भार 'मदत' या एका शब्दावर आहे. आणि कांड्या भरण्याला सोलापूरच्या घरांतून आजवर दुसरे नाव कधी नव्हतेच.