सावलीचे साक्षीदार

आमचा व्यवसाय कामगारांच्या सभा भरविण्याचा. ताऱ्यांशी आमचा संबंध काय, असे डोणगावचे श्रोते विचारतील. आमचे शिक्षण वाचनालयातले. परंतु वेधांच्या या इतिहासात आम्हांस आमच्याच कामाचे सूत्र सापडले, म्हणून तो सांगतो.

चंद्र रोहिणीला झाकतो, त्यास पिधान म्हणतात. नेपच्यूनपलीकडचा लहानसा खगोलही कधी एखाद्या ताऱ्याच्या आड येतो आणि त्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. तारा किती वेळ लपला हे मोजले, की सावलीची त्या ठिकाणची लांबी निघते. पण एका जागेवरून एकच रेघ मिळते. आकार समजण्यास अनेक माणसे अंतराअंतरावर उभी करावी लागतात.

मार्च १९७७ मध्ये युरेनस एका ताऱ्यासमोर येणार होता. तमिळनाडूतील कावलूर येथे भट्टाचार्य व कुप्पुस्वामी यांना तारा काही सेकंद मंदावलेला आढळला. हा नवा उपग्रह असावा, असे त्यांनी प्रसिद्ध केले. हिंदी महासागरावर विमानातून वेध घेणाऱ्या जेम्स एलियट यांच्या तुकडीला मात्र ग्रहाच्या दोन्ही बाजूंस तारा सारखाच मंदावलेला दिसला. ती युरेनसची कडी होती! कावलूरचा वेध खोटा नव्हता. तो एकटा पडला होता.

पुढे २०१४ साली हबल दुर्बिणीतून एक अंधुक ठिपका सापडला. त्यालाच आज अरोकोथ म्हणतात. अंतर सुमारे साडेसहाशे कोटी किलोमीटर. ३ जून २०१७ रोजी अर्जेंटिना व दक्षिण आफ्रिका येथे दुर्बिणी मांडल्या. सावली कोणालाच गवसली नाही. तरी १७ जुलैला अर्जेंटिनात पुन्हा २४ दुर्बिणी उभ्या राहिल्या. गावकऱ्यांनी रस्त्यावरचे दिवे मालविले, महामार्ग दोन तास बंद ठेवला, वाऱ्याला आडोसा म्हणून ट्रक उभे केले. पाच ठिकाणी तारा लपला. त्या पाच रेघांवरून हा खगोल लांबट, कदाचित जोडगोळा असावा, असे अनुमान निघाले. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान जवळून गेले, तेव्हा एकमेकांस चिकटलेले दोन गोळे दिसले. एकूण लांबी सुमारे ३६ किलोमीटर.

आपल्या गावावरूनही रात्री ट्रक जातात. ट्रक आडवा लावणे हे ज्योतिर्विदाचे काम नव्हे. पण त्याचाही वेधाला हातभार लागला. आणि ज्यांना सावली दिसली नाही, त्यांनी ती कोठे नव्हती हे सांगितले. हजेरीपटावर त्यांचीही रात्र पूर्ण भरली पाहिजे.