जॅक कुठे लावायचा? जुन्या मर्सिडीजच्या सस्पेन्शनचे निदान

जुन्या मोठ्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये शिरला की त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: ‘पुढून खडखड येतेय, बघा जरा.’ मिस्तरीचे उत्तरही बहुधा ठरलेले असते: ‘शॉकप गेलेत.’ या संवादात निदान कुठेच नाही. खडखड हे लक्षण आहे आणि शॉकप हा एक भाग आहे; या दोहोंमधला सगळा विचार गाळलेला आहे. तो विचार कसा करायचा, हे मर्सिडीजच्या ‘डब्ल्यू १२४’ या गाडीच्या आधाराने इथे मांडतो.

या गाडीच्या निवडीला कारण आहे. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोच्या साथीने भारतात कंपनी उभी केली आणि १९९५ पासून पिंपरीत ज्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्या याच मालिकेतल्या. आज अशी गाडी बघायला गेलात तर पत्रा शाबूत असतो, इंजिन ठणठणीत असते आणि चाकांभोवतीचे रबर तेवढे मेलेले असते. दुसरे म्हणजे हिची रचना शिकण्यासारखी आहे. पुढे स्प्रिंग आणि शॉकप एकत्र नसून वेगवेगळे बसवलेले आहेत. मागे प्रत्येक चाकाला पाच-पाच दांडे आहेत. ही पाच दांड्यांची मांडणी मर्सिडीजने १९८२ मध्ये आपल्या लहान ‘१९०’ गाडीला पहिल्यांदा दिली आणि मग हिला. मागच्या दोन चाकांना मिळून दहा दांडे, त्यांच्या टोकांचे बुश, शिवाय संपूर्ण मागचा सांगाडा बॉडीला जोडणारे चार मोठे रबरी माउंटिंग. आलिशान गाडीची शांतता या रबरात असते. ते थकले की तीच गाडी टेम्पोसारखी वाजू लागते.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘गाडी फारशी पळालेलीच नाही’ हे विकणाऱ्याचे आवडते वाक्य. पण रबर किलोमीटर मोजत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, उन्हाची धग, इंजिनातून झिरपणारे तेल यांनी ते वर्षांच्या हिशेबाने कडक होते, तडकते किंवा फुगते. पंचवीस वर्षांत साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे बुश हे पंचवीस वर्षांचेच बुश असतात.

आता पद्धतीकडे. आवाज हा साक्षीदार म्हणून फार कच्चा असतो. बॉडी म्हणजे एक मोठा पत्र्याचा डबा. चाकाजवळची ठक त्यातून फिरते आणि डॅशबोर्डखाली किंवा मागच्या सीटच्या पाठीशी ऐकू येते. म्हणून ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की आवाज आला तेव्हा चाकावर जोर कुठल्या दिशेने पडत होता? चाकाला तीनच दिशांनी ढकलता येते: वरखाली, पुढेमागे आणि आडवे. सस्पेन्शनचा जवळजवळ प्रत्येक भाग यांपैकी एखाद्या दिशेचा जोर मुख्यतः पेलतो. दिशा कळली की संशयितांची यादी अर्ध्याहून कमी होते.

सर्वात आधी मात्र टायर बघायचे. ते फुकट मिळणारे पुरावे आहेत. टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा रोख, बिघडला आहे. आतली कडाच खाल्ली असेल, तर चाक कललेले आहे. आर्मचे बुश सैल पडले की हे घडते. ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील, तर चाक रस्त्यावर उड्या मारते आहे, म्हणजे शॉकप खरोखरच संशयित आहे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळते. दहा वर्षांचा दगडासारखा टायर घालून सस्पेन्शनला दोष देणारे मालक मी पाहिले आहेत, आणि एकदा तो मालक मीच होतो.

वरखाली जोराची परीक्षा गतिरोधकावर होते. पण एका गतिरोधकाचे दोन प्रयोग करायचे. आधी गाडी सरळ न्या, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकदम चढतील. मग तिरकी न्या, म्हणजे एक चाक आधी चढेल. दोन्ही चाके एकदम उचलली गेली की त्यांना जोडणारा अँटिरोल बार नुसता आपल्या जागी फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एकच चाक उचलले की तो पिळला जातो. सरळ जाताना शांतता आणि तिरके जाताना ठकठक, असे असेल तर आधी बारचे बुश बघा. भाग स्वस्त आहे, कामही थोडे आहे, आणि ‘शॉकप गेले’ या निदानाखाली बदलल्या गेलेल्या कितीतरी शॉकपांचा खरा गुन्हेगार हाच असतो.

शॉकपची रूढ परीक्षा म्हणजे बॉनेटवर हाताने दाबून गाडी किती वेळा डोलते ते मोजणे. ही परीक्षा पूर्ण मेलेला शॉकप ओळखते, आजारी नाही. बॉडी वरखाली होते ती सेकंदाला एक ते दीड वेळा. चाक स्वतः थरथरते ते सेकंदाला दहा-बारा वेळा. हाताने दाबून पहिलीच हालचाल तपासली जाते, दुसरी तपासायला खराब रस्ताच लागतो. पन्नाशीच्या वेगात खडबडीत डांबरावर स्टिअरिंग हातात बुळबुळीत वाटले, वळणावर एखाद्या खड्ड्याने गाडी बाजूला सरकली, तर शॉकप बदला, मग बॉनेट दाबल्यावर गाडी कितीही शहाण्यासारखी वागो. शॉकपवर तेलाचा धुळकट पातळ थर असणे चालते. ओघळ असेल तर चालत नाही. गॅसचा शॉकप काढून त्याचा दांडा आत दाबा. तो आपोआप बाहेर आला नाही, तर गॅस गेला.

पुढेमागे जोर ब्रेक देतो. मोकळ्या जागेत माणसाच्या चालीने गाडी पुढे न्या, हलका ब्रेक मारा. मग मागे घ्या, पुन्हा मारा. दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला एकच ठक, त्याच दिशेने दुसऱ्यांदा मारल्यावर काही नाही, असे झाले तर कुठेतरी सैलपणा आहे आणि तो एका बाजूला जाऊन बसतो आहे. बहुतेक वेळा तो लोअर आर्मच्या बुशांत असतो. ब्रेकचे पॅडही कॅलिपरमध्ये सरकून असाच आवाज करतात, पण तो ‘टिक’ असा हलका असतो. बुशाची ठक पायाला कळते. ऐंशीच्या पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरले की सगळे डिस्कवर बोट ठेवतात. डिस्क दोषी असू शकते, पण चांगल्या बुशांनी गिळून टाकली असती अशी थरथर सैल बुश वाढवून हातात देतात. डिस्क बदलल्यावर सहा महिन्यांत तीच तक्रार परत आली, तर चूक डिस्कची नव्हती.

आता ज्या तपासणीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. पुढच्या चाकाच्या खाली, लोअर आर्मच्या टोकाला एक बॉल जॉइंट असतो. त्यातला खेळ बघायची सर्वपरिचित रीत म्हणजे गाडी जॅकवर घ्यायची, चाक वरून आणि खालून धरायचे आणि हलवायचे. मी माझ्या गाडीचे तसेच केले होते. जॅक बॉडीखाली लावला, चाक लोंबकळले, धरून हलवले, काही नाही. घट्ट. आदल्या आठवड्यात एका गॅरेजने चारही शॉकप बदलायचा खर्च लिहून दिला होता आणि तो बरोबरच असावा असे मला वाटू लागले होते. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मिस्तरींनी काही न बोलता जॅक उतरवला, लाकडाचा ठोकळा घेतला आणि जॅक लोअर आर्मच्याच खाली, चाकाच्या जितका जवळ नेता येईल तितका लावला. चाक जमिनीपासून दोन बोटे उचलले. मग टॉमी टायरखाली घालून वर रेटली. ‘बोट ठेवा इथं,’ ते म्हणाले. जॉइंटच्या फाटक्या बुटावर मी बोट ठेवले होते. टॉमी वर गेली की बोटाखाली ‘टक’, खाली आली की ‘टक’. आवाज जवळजवळ नव्हताच, बोटालाच तो कळला. बुटातून गंजाचे लालसर पाणी बाहेर आले. दोन-तीन पावसाळ्यांनी आतले ग्रीस केव्हाच धुऊन नेले होते.

हे का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. या गाडीत स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली आहे. बॉडी उचलली की स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते. आर्म बॉल जॉइंटमार्फत चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, खाली ओढतो, आणि नकलला वरून पूर्ण ताणलेला शॉकप धरून ठेवतो. म्हणजे चाक हवेत असले तरी जॉइंट शेकडो किलोंच्या ताणाखाली असतो, आणि त्यातला सगळा खेळ एका बाजूला दाबून लपवलेला असतो. जॅक आर्मखाली आला की स्प्रिंगचा भार जॅक घेतो, जॉइंट मोकळा होतो आणि खेळ उघड होतो. ज्या गाड्यांत स्प्रिंग शॉकपभोवतीच असते, म्हणजे आजच्या बहुतेक लहान गाड्यांत, तिथे नेमके उलट: तिथे बॉडीखालीच जॅक हवा. मिस्तरीचा हात गेली पंधरा वर्षे लहान गाड्यांवर बसलेला असेल, तर तो या गाडीचा जॉइंट अगदी प्रामाणिकपणे ‘ओके’ सांगेल.

याच रचनेतून एक धोकाही निघतो. इथे आर्मला खाली जाण्यापासून शॉकपच अडवत असतो. आर्मला खालून टेकू न देता शॉकप सोडला, तर दाबलेली स्प्रिंग सुटून समोरच्याचा हात मोडेल. घरी काम करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आडव्या जोराची तपासणी त्यामानाने सोपी आहे. चाक डावी-उजवीकडून धरून हलले तर टायरॉड एंड; वर-खालून धरून हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. या दोघांत निवड करायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग. या गाडीच्या स्टिअरिंगला रॅक नाही, बॉक्स आहे, त्यामुळे सांधेही जास्त आहेत. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग दोन बोटे इकडे-तिकडे करायचे आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवत जायचे. नजरेला न दिसणारा खेळ तळव्याला समजतो.

मागची बाजू अवघड आहे, कारण ती वाजतच नाही. तिथले लक्षण वागणुकीत दिसते. वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी मागून स्वतःच थोडी वळल्यासारखी वाटते, सरळ रस्त्यावर सारखी किंचित दुरुस्ती करावी लागते. दहा दांड्यांपैकी नेमका कोणता, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. एक मेला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत, सगळा संच बदला. एरवी मी ‘सगळेच बदलून टाका’ या सल्ल्याच्या विरोधात आहे, हा एकच अपवाद. टणक पॉलियुरेथेनचे बुश मात्र इथे घालू नका. हे दांडे वरखाली होताना थोडे पिळतातही. रबर तो पीळ सोसते, टणक बुश अडतो आणि जोर दुसरीकडे ढकलतो. गिअर डी मधून आरमध्ये टाकताना मागे ठक झाली, तर ती सस्पेन्शनची नाही, डिफरन्शियलच्या माउंटिंगची किंवा प्रोपेलर शाफ्टच्या रबरी डिस्कची. स्टेशन वॅगनला मागे तेलाची आपोआप उंची राखणारी व्यवस्था असते. तिच्या नायट्रोजनच्या गोळ्यांतला गॅस गेला की गाडी मागून बैलगाडी होते. शॉकप बदलून ते जात नाही.

गाडी एका बाजूला बसलेली दिसली, तर उंची जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरची हवा हिशेबातून जाते. स्प्रिंगच्या डोक्यावर रबरी गादी असते आणि ती वेगवेगळ्या जाडीत मिळते. जाडी कळावी म्हणून तिच्यावर उंचवटे असतात. स्प्रिंग बसली असे ठरवण्याआधी गादी तपासा. चुरा झालेली गादी आणि बसलेली स्प्रिंग बाहेरून सारखीच दिसतात.

निदान बरोबर निघून काम फसण्याची जागा एकच आहे. रबरी बुश धातूला चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी रॅम्पवर, चाके लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली आल्यावर नवा बुश उभ्या-उभ्याच पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडीचे वजन चाकांवर आल्यावर. अलाइनमेंट त्यानंतर. अलाइनमेंटचे यंत्र निदानालाही कामाला येते: आकडे घ्या, गाडी दोनदा पुढे-मागे ढकला, पुन्हा घ्या. आकडे जुळले नाहीत, तर काहीतरी अजून सैल आहे आणि अलाइनमेंटचे पैसे द्यायची वेळ आलेली नाही.

यातली बरीच कामे थांबू शकतात. बारचे बुश वाजत राहतील, आर्मचे बुश टायर खातील, थकलेला शॉकप वेग कमी ठेवायला लावेल. बॉल जॉइंट मात्र थांबत नाही. तो सुटला की चाक आडवे होऊन फेंडरखाली दुमडते, आणि ते कुठल्या वेगात होईल हे तुम्ही ठरवत नाही. त्यात खेळ सापडला, तर गाडी गॅरेजमध्येच ठेवा आणि रिक्षाने घरी जा.