खेळ रचणारी मुले



‘व्हिडिओ गेम’ हे शब्द उच्चारताच पालकांच्या कपाळाला आठी पडते. शिक्षकांच्याही पडते, हे मी स्वानुभवाने सांगतो. कारण कैक वर्षे ती माझ्याही कपाळाला होती. या खेळांपायी मुलांचा वेळ जातो, डोळे जातात आणि अभ्यासही जातो, अशी आपली तक्रार असते. ती खोटी आहे असे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे आलेलो नाही. मला बोलावयाचे आहे ते खेळ खेळणाऱ्या मुलांविषयी नव्हे, तर खेळ रचणाऱ्या मुलांविषयी. माध्यमिक शाळेतील मुलांना संगणकावरील खेळ रचावयास शिकवावे, ही कल्पना अगदी अलीकडची असून व्यापाऱ्यांनी ती आपल्या गळ्यात मारली आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिला अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक शाळामास्तरीण उभी आहे.

तिचे नाव मेबल ॲडिस. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कॅटोना म्हणून एक गाव आहे. तेथे त्या चौथीच्या वर्गाला शिकवीत. आयबीएम कंपनी आणि तेथील प्रादेशिक शिक्षणमंडळ यांनी संगणकाचा शाळेत काय उपयोग होईल हे पाहण्याचा एक प्रयोग हाती घेतला, तेव्हा 1964 साली ॲडिसबाईंनी प्राचीन सुमेर देशावर एक खेळ लिहून दिला. मुलाने लगाश नगरीचा राजा व्हावयाचे. कोठारात धान्य किती, बियाण्याला किती राखावयाचे, प्रजेला खावयास किती द्यावयाचे, हे ठरवून टंकयंत्रावर आकडा लिहावयाचा. चुकले तर प्रजा उपाशी. इतिहासाच्या तासाला सनावळ्या घोकविणाऱ्या माझ्यासारख्यास हे वाचून थोडी लाजच वाटली. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या खेळातले नियम बाईंनी घातलेले होते. मुलाच्या वाट्याला ते पाळणे तेवढे आले. राज्य मुलाचे, पण कायदा बाईंचा!

तो कायदा मुलांच्या हाती कसा गेला हे पाहावयाचे तर आपणांस मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन या गावी जावे लागेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील पहिल्या गोळ्या 1775 च्या एप्रिलात या गावच्या हिरवळीवर झडल्या, एवढे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी त्याच गावी आणखी काही घडले, ते मात्र पाठ्यपुस्तकात नाही. शेजारच्या केंब्रिज शहरात संगणकाचे मोठे संशोधन चाले; मेनार्ड नावाच्या जवळच्याच गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी त्या मानाने लहान व स्वस्त संगणक बांधीत असे. अशा शेजारामुळे लेक्सिंग्टनच्या शाळांना ते यंत्र लवकर पाहावयास मिळाले.

1968-69 च्या शालेय वर्षात तेथील मझी या शाळेत सातवीच्या बारा मुलांचा एक वर्ग घेण्यात आला. मुले निवडलेली हुशार नव्हती, मध्यम होती. त्यांना ‘लोगो’ नावाची नवी संगणकभाषा शिकविण्यात आली. वॉली फर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमूर पॅपर्ट ही तिची रचना करणाऱ्यांतली प्रमुख नावे. पॅपर्ट हे गणिती. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्यापाशी काही वर्षे काम करून आलेले. त्यांचे म्हणणे असे की, यंत्राने मुलाला शिकविण्याऐवजी मुलानेच यंत्राला शिकवावे. त्या बारा मुलांनी शब्दांची मोडतोड करणारे कार्यक्रम लिहिले, डावपेचांचे खेळ लिहिले. पॅपर्ट यांनी पुढे 1980 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात तेरा वर्षांच्या एका मुलीची हकीगत आहे. संगणकाकडून वाक्ये जुळवून घेताना ती निरर्थक निघू लागली, म्हणून तिने शब्दांच्या वेगवेगळ्या याद्या केल्या. आणि नाम व क्रियापद हे भेद कशासाठी असतात हे तिला त्या दिवशी प्रथम उमगले. व्याकरण शिकविणाऱ्या प्रत्येकाने ही हकीगत वाचावी.

याच गावच्या हायस्कुलात जिम स्टोरर नावाचा एक विद्यार्थी होता. 20 जुलै 1969 रोजी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. सुटी संपून शाळा उघडली, आणि त्या शरदात स्टोररने शाळेच्या पीडीपी-8 संगणकावर, ‘फोकल’ नावाच्या भाषेत, चंद्रावर यान उतरविण्याचा खेळ लिहिला. त्याला ‘व्हिडिओ’ म्हणणे चुकीचेच. पडदा नव्हता, चित्र नव्हते. टेलिटाइप यंत्र कागदावर आकडे छापी, आणि खेळणारा आकडा लिहून उत्तर देई. यान चंद्रापासून 120 मैलांवर आहे, सेकंदाला एक मैल या वेगाने खाली येत आहे. त्याचे वजन 32,500 पौंड, त्यापैकी 16,000 पौंड इंधन. दर दहा सेकंदांनी यंत्र विचारणार, आता किती इंधन जाळू? फार जाळले तर ते वरच संपते. कमी जाळले तर यान आपटते, आणि चंद्रावर किती फूट खोल खड्डा पडला हेही यंत्र निर्विकारपणे छापून देते.

खेळ पानभराचा. पण त्या पानात काय काय आले ते पाहा. यान इंधन जाळते तसे ते हलके होत जाते. म्हणजे त्याच झोताने वेगात पडणारा फरक प्रत्येक क्षणाला वाढत जातो. आमच्या पाठ्यपुस्तकातील गतीची समीकरणे येथे लंगडी पडतात; कारण त्वरण स्थिर असेल तरच ती चालतात. याचे खरे सूत्र रशियातील शिक्षक त्सिओल्कोव्स्की यांनी 1903 साली प्रसिद्ध केले. त्यात लघुगणक येतो. स्टोररच्या कार्यक्रमात त्या लघुगणकाऐवजी श्रेणीतील पहिली काही पदे घेतलेली आहेत. शाळकरी मुलाच्या हातून हे गणित लिहिले गेले, ते कोणी परीक्षेत विचारणार होते म्हणून नव्हे. त्यावाचून यान उतरत नव्हते, म्हणून.

हा खेळ डिजिटल कंपनीच्या वार्तापत्रातून इतरांच्या हाती गेला. त्या कंपनीत डेव्हिड आल नावाचे गृहस्थ शिक्षणविभागात होते. त्यांनी असे कितीतरी खेळ गोळा केले, डार्टमथ महाविद्यालयात 1964 साली निर्माण झालेल्या सुटसुटीत ‘बेसिक’ भाषेत ते उतरविले, आणि 1973 साली एकशे एक खेळांचे पुस्तक काढले. 1978 साली त्याची घरगुती संगणकांसाठी सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. या पुस्तकात खेळ कसा खेळावा एवढेच नव्हते, तर संबंध कार्यक्रम ओळीनिशी छापलेला होता. तो आपल्या हातांनी यंत्रात टंकावयाचा. टंकताना स्वल्पविराम राहिला की खेळ बंद. मग चूक शोधा. ती सापडली की मनात येई, इंधन दुप्पट केले तर? गुरुत्वाकर्षण निम्मे केले तर? मुले खेळ रचावयास शिकली ती पुष्कळशी या मार्गाने. आमच्याकडे जुन्या काळी पोथी नकलून घेता घेता विद्यार्थ्याला ग्रंथ येई, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पाठभेद करण्यास मुभा होती.

पुढचा इतिहास मी धावत सांगतो. बोस्टनच्या एका शाळेत यास्मिन काफाई यांनी चौथीच्या सोळा मुलांकडून अपूर्णांक शिकविणारे खेळ रचवून घेतले व त्यावर 1995 साली पुस्तक लिहिले. 2007 साली मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्क्रॅच’ लोकांपुढे आणले. त्यात आज्ञा टंकावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे एकाखाली एक बसवावयाचे असतात, त्यामुळे स्वल्पविरामाची कटकट गेली. आपल्या देशात 1984 साली केंद्र सरकारने काही शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक दिले. त्यात बेसिक भाषा अंगभूतच होती, म्हणजे यंत्र चालू करताच खेळ रचण्याची सोय हाताशी होती. ती किती शाळांनी वापरली हा प्रश्न निराळा. मी शिकलो त्या शाळेत, बऱ्याच नंतर, संगणकाची खोली होती. तीत शिरताना वहाणा बाहेर काढाव्या लागत आणि यंत्रावर कापडी खोळ असे. खोळ काढलेली पाहिल्याचे मला फारसे आठवत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मात्र माध्यमिकच्या आधीच, सहावी ते आठवीच्या टप्प्यावर, मुलांना संगणकाच्या आज्ञा लिहावयास शिकवावे असे म्हटले आहे.

आता थोडे घरचे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी नववीच्या मुलांचा असा एक वर्ग घेतो. यंत्रे आठ, मुले बावीस. एका मुलीने दगड मारून चिंचा पाडण्याचा खेळ रचावयास घेतला. तिचा दगड तिरका सरळ वर जाई आणि झाडापाशी पोचला की दोरीने ओढल्यासारखा थेट खाली येई. “सर, हा दगड दगडासारखा पडत नाही,” ती म्हणाली. गतीच्या नियमांवर तिला चाचणीत पुरे गुण होते. मी तिला अंगणात नेऊन दगड फेकावयास सांगितले. चार-पाच दगड फेकून झाल्यावर ती आत गेली, आणि वर जाण्याच्या वेगातून प्रत्येक फेरीला एक वजा करणारा ठोकळा तिने बसविला. दगड कमान करून चिंचेवर आदळला, तेव्हा बावीस मुलांनी असा गलका केला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

त्याच महिन्यात पालकांच्या सभेत तक्रार झाली की शाळेत मुलांना खेळ खेळावयास लावतात. वर्ग दोन महिने बंद राहिला. मी पालकांना दोष देत नाही. मुलाचे बोट पडद्यावरून सुटत नाही हे त्यांनी घरी रोज पाहिलेले; रचणे आणि खेळणे यांतला फरक त्यांना दाखवावयास हवा होता, तो मी दाखविला नव्हता. पुढे एका शनिवारी पालकांनाच बोलावले. चिंचेचा खेळ खेळावयास न देता आतले ठोकळे दाखविले, आणि तो वजा एक काढला तर काय होते ते मुलीकडून सांगविले. वर्ग पुन्हा सुरू झाला, मात्र सूचनाफलकावर त्याचे नाव ‘संगणक-गणित वर्ग’ असे लिहावे या अटीवर. मी लिहिले.

स्टोररच्या खेळाची कथा येथे संपत नाही. 2024 साली एका संगणकतज्ज्ञाने तो जुना कार्यक्रम पुन्हा तपासला, आणि त्यात 55 वर्षे लपून राहिलेली एक चूक त्याला सापडली. यान खाली येता येता थांबून पुन्हा वर जाऊ लागेल, तो क्षण किती सेकंदांनी येईल हे काढण्यासाठी एक वर्गसमीकरण सोडविलेले आहे. त्याच्या उत्तरात, वर्गमूळाच्या आत, यानाच्या वेगाला झोताच्या वेगाच्या दुपटीने भागावयाचे होते. तेथे नुसत्या झोताच्या वेगाने भागले गेले. एक दोनाचा आकडा राहून गेला. दरम्यान हजारो लोकांनी तो खेळ खेळला, टंकला, दुसऱ्या भाषांत उतरविला, आणि आकडा तसाच राहिला.

वर्गसमीकरण दहावीला असते. त्या मुली-मुलांची आता दहावी सुरू होती. मी फळ्यावर समीकरण मांडले आणि काही न सांगता सोडवावयास दिले. दोन तास गेले. तीन गटांच्या उत्तरात तो दोन आला. एका गटाच्या उत्तरात आला नाही, स्टोररसारखाच. चिंचेवाल्या मुलीने विचारले, “सर, इतक्या वर्षांत कुणी ताळा पाहिलाच नाही?”

मी म्हणालो, यान उतरत होते, मग ताळा कोण पाहतो?

ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी तिने आपल्या जुन्या चिंचेच्या खेळाचा ताळा पाहावयास घेतला. त्यात दोन चुका निघाल्या. एक तिची तिला सापडली. दुसरीवर आम्ही अजून आहोत.