जुनी गाडी घ्यायचीय? टेंभुर्णी परिसरात कुठे शोधाल, काय तपासाल

टेंभुर्णीच्या चौकातून पुणे, सोलापूर, पंढरपूर, कुर्डुवाडी, अकलूज आणि करमाळ्याकडे रस्ते जातात. या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंच्या वाड्या-वस्त्यांवर, गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आजही ताडपत्री टाकलेली फियाट, जीप, जावा किंवा राजदूत सापडते. घरच्यांना ती अडचण वाटते. भंगारवाला येतो, किलोच्या भावाने उचलून नेतो. दुसरीकडे शहरातला हौशी माणूस तशाच गाडीसाठी वर्ष-वर्ष फिरतो. या दोघांची गाठ सरळ पडली तर दोघांचाही फायदा आहे, मधल्या माणसाची गरज नाही. म्हणून घेणारा आणि विकणारा अशा दोघांसाठीही ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

आपला भाग शोधायला चांगला का? पहिलं कारण हवा. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, कोरडा. मुंबई-कोकणात खाऱ्या दमट हवेने गाडीचा पत्रा खालून खाल्ला जातो. इकडे शेडमध्ये उभी असलेली गाडी रबर, वायरिंग आणि सीटने जाते, पण पत्रा बऱ्याचदा शाबूत राहतो. दुसरं कारण इतिहासाचं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे, आणि त्यांच्या नावाचं वालचंदनगर टेंभुर्णीपासून फार लांब नाही, शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाऊथ जोडल्या जात, पुढे फियाट ११०० आली. गोल पाठीच्या पहिल्या मॉडेलला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ नाव दिलं, नंतर डिलाइट आली, आणि १९७० च्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, तेव्हापासून चांगल्या पद्मिनीची विचारपूस वाढलेली दिसते.

आता ‘व्हिंटेज’ म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण विकणारा प्रत्येक जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. जगभरच्या क्लबांत साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांना हा शब्द वापरतात. आपल्या सरकारचा नियम वेगळा आहे. केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे आणि जिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, ती व्हिंटेज. ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो यात येत नाहीत. म्हणजे आजोबांचा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर कितीही जपलेला असला तरी ही नोंदणी त्याला मिळणार नाही.

या नोंदणीला नवीन २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, मुदत १० वर्षं. फॉर्म २० सोबत विमा आणि जुनं आरसी बुक जोडून परिवहन पोर्टलवर अर्ज करायचा. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र एक अट नीट वाचा: अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. बाजाराला, लग्नाला, शेतावर गाडी न्यायची असेल तर या भानगडीत पडू नका. साधी नोंदणीच दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवत राहा. त्याचं शुल्क २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाढलं आहे, तेव्हा सौदा करताना ते आणि पर्यावरण कर दोन्ही हिशोबात धरा.

आमच्या मते कागद हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. गाडी चकचकीत आणि कागद नाहीत, यापेक्षा धुळीत पडलेली आणि मूळ आरसी असलेली गाडी कधीही बरी. १९८९ पूर्वीच्या गाड्यांना एमएच १३ सारखा नंबर नसतो, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असतात. अशा गाड्यांची नोंद ऑनलाइन दिसेलच असं नाही. नाही दिसली म्हणजे गाडी चोरीची, असंही नाही; आरटीओच्या जुन्या रजिस्टरात शोधून ती संगणकावर चढवून घ्यावी लागते. आज अकलूजला एमएच ४५ चं वेगळं कार्यालय आहे, पण जुनी नोंद सोलापूरच्या कार्यालयात शोधावी लागू शकते. हे काम पैसे देण्याआधी करा, नंतर नाही. चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नंबरभोवती ग्राइंडरच्या खुणा किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर चहा पिऊन निघून या.

मालक हयात नसेल तर? बहुतेक शेडमधल्या गाड्यांची हीच गोष्ट असते. आपल्या घरांत तरका वाटताना शेत आणि घर मोजलं जातं, अब्बांची कोपऱ्यातली गाडी कुणी मोजत नाही. पण ती गाडीही मरहूमच्या मालमत्तेचाच भाग आहे, आणि त्यात मुली, बेवा यांचाही हिस्सा आहे. एका भावाने परस्पर विकली आणि नंतर बहिणीने हरकत घेतली, तर घेणारा अडकतो. म्हणून आधी वारसांची संमती लेखी घ्या, फॉर्म ३१ वर गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग फॉर्म २९ आणि ३० वर आपल्या नावावर करा. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत काढता येते. ‘नंतर करून देतो’ या शब्दावर पैसे मोकळे करू नका. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी विकली तर दोघांनी ९० दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं.

गाडी बघायला जाल तेव्हा सोबत लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी भरलेली आहे. फियाट ११०० आणि पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. त्यामुळे दाराखालची पट्टी आणि तळाचा पत्रा सडला असेल तर ते रंगाने झाकायचं काम नाही. जुन्या महिंद्र जीपला वेगळी चेसिस असते, तिची बॉडी नवी बसवता येते. म्हणूनच तिथे बनावट ‘मूळ’ जीपही जास्त. बुलेटचा चेसिस नंबर हँडलखालच्या मानेवर असतो, तोच आधी बघा. जावा १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली, १९७३ पासून ती येझदी झाली आणि कारखाना १९९६ ला बंद पडला. २०१८ नंतरच्या नव्या जावाचे पार्ट जुनीला बसत नाहीत, विकणारा काहीही सांगो.

शोधायचं कुठे, याचं उत्तर मोबाइलपेक्षा गॅरेजमध्ये मिळतं. डेंटिंग, पेंटिंग, कुशन, गॅस वेल्डिंगच्या कामात आपल्या समाजातली कितीतरी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. कोणत्या वाड्यावर कोणती गाडी उभी आहे, तिचं इंजिन शेवटचं कधी खोललं, हे जुन्या मिस्त्रीला तोंडपाठ असतं. त्यांना भेटा, आणि गाडी बघायला नेलंत तर त्यांच्या दिवसाची मजुरी द्या. नुसत्या ओळखीवर काम करून घेऊ नका. हँडल गिअरची फियाट नीट लावणारे हात आता थोडेच उरलेत, त्यामुळे गाडी घेण्याआधी ती उघडून बसवणारा माणूस पक्का करा. बंद गाडीला धक्का मारून चालू करायची घाई करू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, हाताने इंजिन फिरतंय का ते बघा. फिरलं नाही तर किंमत त्या हिशोबाने बोला.